शब्दचर्चा : खेळातलं ‘सोलो फार्मिंग’ म्हणजे शेती, दळण की सरवा?

धागाकर्ती :

गेल्या महिन्यात आबांचा, म्हणजे आमच्या आजोबांचा, मंगळवेढ्याहून धाकट्या भावाला फोन आला. तो कॉम्प्युटरसमोर बसला होता. काय चाललंय म्हणून विचारल्यावर म्हणाला, “फार्मिंग करतोय, आबा.” आबांचा आवाज एकदम खुलला. “काय पेरलंस?” भाऊ म्हणाला, “पेरत नाही काही, नुसतं काढतो. एकटाच. तेच तेच काम परत परत करायचं, पैसे मिळतात आणि गुण मिळतात.” आबा थोडे थांबले आणि म्हणाले, “न पेरता काढतोस ती शेती नव्हे, लेका. तो सरवा.”

ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कापणी होऊन पीक घरी गेलं की रानात गळून राहिलेली कणसं, लोंब्या, शेंगा असतात, तो सरवा. तो वेचायला बाया-पोरं जायची. मालकाची ना नसायची.

आबांच्या त्या वाक्यापासून मला चैन नाही. मी स्वतः जीटीए ऑनलाइन खेळते, बहुतेक रात्री एकटीच. २०१३ साली आलेला हा खेळ आहे. लॉस सँतोस नावाच्या काल्पनिक शहरात एका वेळी तीसेक खेळाडू असतात, धंदे उभे करतात, लुटी करतात. घर, गाडी, हत्यार सगळ्याला खेळातलेच पैसे लागतात. ते मिळवण्यासाठी एकच काम दहादा, पन्नासदा करण्याला आम्ही ‘फार्मिंग’ किंवा ‘ग्राइंडिंग’ म्हणतो. मित्र सोबत नसले तर ‘सोलो’. घरात आम्ही बोलतो ते असं : “आज सोलो ग्राइंड मारला, दोन तासांत पाणबुडीचे पैसे निघाले.”

तर प्रश्न असे. फार्मिंग आणि ग्राइंडिंग यांत फरक करावा का? मराठीत त्यांना काय म्हणावं? आणि ‘सोलो’ला ‘एकट्याने’ एवढंच पुरे का, की त्यात आणखी काही आहे?

कोरडवाहू :

आबांना माझा नमस्कार सांगा. शब्द अगदी नेमका दिलाय.

मी शेतकऱ्याच्या घरचा आहे आणि खेळतोही, म्हणून पोटतिडकीने लिहितो. फार्मिंगला ‘शेती’ म्हणू नका. शेतीत आधी घालावं लागतं : बी, खत, मजुरी. मग वाट बघायची. पाऊस आला तर आला. दुबार पेरणी करावी लागलेल्या माणसाला विचारा, ‘हमखास’ या शब्दाचा अर्थ काय. खेळातल्या फार्मिंगचा सगळा गाभाच हमखासपणात आहे. कुठला राक्षस मारला की किती नाणी पडतात हे लोकांनी मोजून ठेवलेलं असतं, ताशी उत्पन्नाचे तक्ते केलेले असतात. ज्याचा तासाचा दर ठाऊक आहे ती रोजंदारी झाली, नाहीतर उक्तं काम.

आणि बहुखेळाडू खेळात एकट्याने राबण्याला शब्द शोधताना शेतीकडे जायचंच असेल, तर आधी हे बघा की शेतीत ‘एकट्याने’ हा अपवाद होता. इर्जिक म्हणजे गावातले लोक आपापले नांगर-बैल घेऊन एकाच्या रानात उतरायचे, एका दिवसात नांगरट उरकायची, आणि त्याने सगळ्यांना जेवण घालायचं. सावड म्हणजे आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे. खेळात चार मित्र मिळून एकाचा माल पोचवतात आणि मग दुसऱ्याचा, ती शुद्ध सावड आहे. हे शब्द वापरात आणा, मरू घातलेत.

जातंउखळ :

ग्राइंडिंगसाठी शब्द शोधायची गरजच नाही. ‘दळण’. इंग्रजीत ज्या क्रियापदावरून तो अर्थ आला ते आपल्याकडे आधीच त्याच अर्थाने चालतं. कोणी तोच मुद्दा चौथ्यांदा सांगायला लागला की आपण म्हणतोच, ‘किती वेळ तेच दळण दळतोय!’ पुनरावृत्ती आली, कंटाळा आला, कष्ट आले.

शिवाय जात्यावर एकटीने दळणं म्हणजे काय ते मी पाहिलंय. आजीच्या पडवीत जातं रोवलेलं होतं. दोघी समोरासमोर बसल्या की खुंट्यावर दोन हात असतात आणि पाळू, म्हणजे वरचा दगड, हलकं फिरतं. एकटीने बसलं की उजव्या हाताने ओढायचं आणि ते न थांबवता डाव्या हाताने मूठमूठ दाणे वैरायचे. मूठ मोठी पडली तर भरड निघते, लहान पडली तर दगडावर दगड घासतो आणि पिठात कच येते. आजी मूठ न बघता वैरायची. ओढण्याची लय सुटली की जातं जड व्हायचं आणि पुन्हा लय धरायला दोन-तीन फेरे जायचे. पन्नासाव्यांदा तोच माल पोचवताना माझ्या मुलीचे हात कीबोर्डवर असेच चालतात, नजर भलतीकडे.

ओवी तिथूनच आली ना. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या अभ्यासकांनी महाराष्ट्राच्या गावागावांतून १ लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्या सगळ्या या एकसुरी कामाने बायकांच्या तोंडी आणल्या. मुलगी दळायला बसली की कानात गाणी किंवा कुणाच्या तरी गप्पा लावते. तिला हे सांगितलं तेव्हा तिने हेडफोन काढून पूर्ण ऐकून घेतलं.

रात्रपाळी :

‘दळण’ला माझं अनुमोदन. आणि मग ‘आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं’ हेही आलंच. जीटीएमध्ये माल विकायला निघालात की सेशनमधल्या, म्हणजे त्या वेळी त्याच शहरात खेळणाऱ्या, सगळ्यांना नकाशावर दिसता. कोणीतरी क्षेपणास्त्रं सोडणाऱ्या उडत्या ऑप्रेसर मोटरसायकलवरून येतो आणि दीड तासाचा माल एका बटणात उडवतो. माझा पूर्ण भरलेल्या गोदामाचा माल असा गेलाय. त्या रात्री झोप लागली नाही, खरं सांगतो.

कोरडवाहू :

म्हण जवळची आहे, पण पूर्ण बसत नाही. म्हणीतल्या कुत्र्याचं पोट तरी भरतं. तुमचा माल उडवणाऱ्याच्या हाती जवळपास काही लागत नाही. आमच्याकडे याला ‘उभ्या पिकात गुरं सोडणं’ म्हणतात. चारा कमी आणि तुडवणूक जास्त.

धागाकर्ती :

हे दोन्ही फार उपयोगी पडलं, कारण ‘सोलो’चं मूळ नेमकं या तुडवणुकीत आहे. एकटं खेळणं ही नेहमी आवड नसते. बरीच वर्षं नियमच असा होता की धंद्याचा माल सार्वजनिक सेशनमध्येच विकता येई. मग लोक काय करायचे? कॉम्प्युटरवर खेळ दहाएक सेकंद गोठवायचा म्हणजे जोडणी तुटते, बाकी सगळे गळून जातात आणि भरल्या शहरात तुम्ही एकटेच उरता. कन्सोलवाले त्यासाठी नेटवर्कच्या सेटिंगमधले आकडे बदलायचे. जुलै २०२२ च्या बदलानंतर फक्त आमंत्रितांच्या सेशनमध्येही विक्री करता येऊ लागली, तेव्हा ही कसरत संपली. पण सार्वजनिक सेशनमध्ये जितके खेळाडू जास्त तितका मालाला भाव जास्त मिळतो, तो वाढीव भाव एकट्याला मिळत नाही. म्हणजे बाजाराच्या दिवशी नेलं तर चार पैसे जास्त, पण वाटेत लुटारू. घरी बसून विकलं तर पडेल भाव, पण झोप शांत. मी दुसरं निवडते.

इतिहासवेडा :

‘सोलो’साठी ‘एकांडा’ का सुचला नाही कोणाला? ‘एकांडा शिलेदार’ आपण आज कोणत्याही एकट्या लढणाऱ्याला म्हणतो, पण मुळात शब्द काटेकोर होता. मराठी फौजेत शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येणारा स्वार, बारगीर म्हणजे दुसऱ्याने दिलेल्या घोड्यावर बसणारा. शिलेदारांतही जो कुठल्या पथकात न मिसळता स्वतःच्या एका घोड्यानिशी चाकरीला असे तो एकांडा.

जीटीएमध्ये जो स्वतःचं ऑफिस घेऊन धंदा करतो तो शिलेदार, आणि त्याच्या हाताखाली ठरावीक पगारावर लागतो तो बारगीर. एकटा धंदा हाकणारा एकांडा. ‘एकटा’ म्हटलं की बिचारेपणा येतो, ‘एकांडा’त घोडा स्वतःचा असल्याचा ताठा आहे. आणि तो ताठा या खेळात मिळवावा लागतो. २०१५ मध्ये पहिल्या मोठ्या लुटी आल्या, त्यांतली एक सोडली तर बाकीच्यांना बरोबर चौघे लागायचे. नंतर दोघांवर आलं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्याने करता येईल अशी पहिली लूट डिसेंबर २०२० मध्ये कायो पेरिको बेटावरची आली, आणि तिच्यासाठी २२ लाखांची पाणबुडी स्वतःची लागते. घोडा स्वतःचा, हे अगदी शब्दशः.

सातासमुद्रापार :

मी ओल्ड स्कूल रूनस्केप हा बहुखेळाडू ऑनलाइन खेळ खेळतो, इथे इंग्लंडमध्ये त्याचे बरेच भक्त आहेत. आमच्या खेळात घोळ आणखी वाढतो, कारण ‘फार्मिंग’ नावाचं खरंखुरं कौशल्यच आहे. बी पेरायचं, कंपोस्ट घालायचं, वनौषधी तयार व्हायला ८० मिनिटं लागतात, मधे रोग पडून रोप मरू शकतं. ती ‘शेती’ म्हणावी, कोरडवाहू यांच्या कसोटीला उतरते. त्याच खेळात एकच राक्षस हजार वेळा मारण्यालाही लोक ‘फार्म करणं’ म्हणतात. तो राक्षस मेला की जमिनीवर वस्तू पडतात आणि आपण वेचतो. आबांचा ‘सरवा’ तिथे इतका चपखल बसतो की मी कालपासून मनातल्या मनात तोच वापरतोय.

एकांडेपणाचं म्हणाल तर २०१४ पासून ‘आयर्नमॅन’ नावाचा प्रकार आहे. हजारो लोक आजूबाजूला वावरत असतात, पण तुम्ही कोणाशी देवघेव करायची नाही, बाजारात विकत घ्यायचं नाही, दुसऱ्याचं पडलेलं उचलायचं नाही. लोखंड पाहिजे तर खाण स्वतः खणा. हे कोणी लादत नाही, माणसं खातं उघडतानाच स्वतःहून निवडतात. मला याला ‘सोवळ्यातला’ म्हणावंसं वाटतं. शिवाशिव नको, सगळं आपल्या हातचं. पण त्या शब्दाला आपल्याकडे जो दुखरा इतिहास आहे तो मी विसरत नाही, म्हणून सुचवून मागे घेतो. कोणाला दुसरा सुचला तर सांगा.

जातंउखळ :

‘स्वयंपाकी’ हा शब्द पूर्वी स्वतःचं स्वतः रांधून खाणाऱ्यालाही वापरत. ‘हातचं खाणारा’ म्हणा.

कोरडवाहू :

‘हातचं खाणारा’ झकास!

रात्रपाळी :

आता अनुभवाच्या गुणांचं काय? ‘एक्सपी’ला ‘अनुभवगुण’ म्हणणं मला शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखं वाटतं. पैसा खर्च होतो, एक्सपी खर्च होत नाही, नुसता साठतो. आपल्याकडे अनुभव मोजायचं माप आहेच : ‘तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत मी.’ खेळात कोणी विचारलं तर ‘माझे नव्वद पावसाळे झाले’ म्हणायला काय हरकत?

सातासमुद्रापार :

आवडलं, पण एक अडचण आहे. पावसाळे सारखे असतात, दर वर्षी एक. आमच्याकडे एका कौशल्यात ९९वी पातळी गाठायला १,३०,३४,४३१ गुण लागतात, आणि ९२व्या पातळीवर पोचता तेव्हा जेमतेम अर्धी वाट झालेली असते. शेवटच्या सात पायऱ्या म्हणजे आधीच्या सगळ्या पायऱ्यांएवढं दळण. असे लांबत जाणारे पावसाळे कुठे असतात?

धागाकर्ती :

जीटीएत तर ते अनुभवाचे गुण नाहीतच. तिथल्या गुणांना ‘आरपी’ म्हणतात आणि त्यातला ‘आर’ रेप्युटेशनचा, म्हणजे नावलौकिकाचा. तिथे मराठी वाक्प्रचार तयार आहे, ‘नाव कमावणं’. कमावणंही त्यातच आलं.

मुलूखगिरीवाला :

उशिरा येतोय. क्लॅश ऑफ क्लॅन्स या मोबाइलवरच्या खेळात आम्ही ज्याला ‘फार्मिंग’ म्हणायचो ते ना शेती ना दळण. दुसऱ्याच्या गावावर चालून जायचं, सोनं आणि इलिक्सर उचलायचं, परत यायचं. सोडून दिलेली गावं हेरायची, कारण तिथल्या खाणी भरून वाहत असतात. ही मुलूखगिरी आहे. शब्द आहे तर वापरूया.

इतिहासवेडा :

सहमत. मोहिमेवर जाऊन परमुलखातून वसुली करणं हाच त्याचा अर्थ.

रात्रपाळी :

एक राहिलं. आपण खेळ चालू ठेवून जेवायला जातो आणि जीटीएतल्या आपल्या नाइटक्लबच्या गोदामात माल आपोआप साठत राहतो, त्याला काय म्हणायचं? ‘दळण’ तर नाही, हात लागतच नाही.

जातंउखळ :

गिरणीत डबा ठेवून येणं.

धागाकर्ती :

यावर मी खुर्चीतून उठले आणि भावाला वाचून दाखवलं.

माझ्यापुरतं ठरलं ते लिहिते. हाताने परत परत करायचं ते दळण. पडलेलं वेचायचं तो सरवा. दुसऱ्याचं उचलायचं ती मुलूखगिरी. एकटं करणारा एकांडा, आणि चौघांनी आळीपाळीने केली तर सावड. ‘शेती’ मी आबांसाठी राखून ठेवली. ‘सोवळ्यातला’ मागे घेतल्याबद्दल सातासमुद्रापार यांचे आभार. ‘पावसाळे’वर माझं मन अजून होत नाही, त्यावर अजून बोला.

आबांना रविवारी सगळं फोनवर सांगितलं. इर्जिक म्हटल्यावर ते बराच वेळ बोलत राहिले, कोणाच्या रानात किती नांगर आले होते, जेवायला काय होतं. मग भावाला फोन दे म्हणाले. मला एकाच बाजूचं ऐकू आलं. भाऊ म्हणत होता, “नाही आबा, अजून दोन पायल्या राहिल्यात. उरकतो आणि झोपतो.”