मदत हवी आहे: सातवीच्या वर्गात अपंगत्वाचा इतिहास कसा शिकवू?

नमस्कार मंडळी. मी नागपुरात मनपाच्या शाळेत शिकवते. ३ डिसेंबरचा दिव्यांग दिन आमच्याकडे दरवर्षी डोळ्यांवर पट्टी बांधून चालण्याच्या खेळावर उरकतो. मुलं हळहळतात, ‘बिचारे’ म्हणतात. मला ते नकोय. हक्क कसे मिळत गेले, हे त्यांना कळायला हवं.

१९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६च्या कायद्यात २१ झाले. त्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आला, ज्यात अंग खूप दुखतं, आणि विदर्भात तो शब्द कुणाला नवा नाही. माझ्या वर्गातली एक मुलगी हातपाय ठणकतात म्हणून कवायतीला बसून राहते, तर पोरं तिला आळशी म्हणतात. धडा तिथूनच सुरू करावा असं वाटतं.

जलतरणपटू मुरलीकांत पेटकरांचं १९७२चं पॅरालिम्पिक सुवर्णपदक सांगणारच आहे. पण फक्त पदकवाल्यांच्याच गोष्टी सांगितल्या, तर पदक नसलेल्यांचं काय?

या विषयावर मुलांना झेपेल असं मराठी साहित्य कुणाकडे आहे का? आणि नागपुरातली एखादी दिव्यांग व्यक्ती स्वतः येऊन मुलांशी बोलेल का? येण्याजाण्याचा खर्च मी करीन. वर्ग तळमजल्यावर आहे, रॅम्पही आहे.