प्रयागराजची आठवण: मेणबत्त्या लावा, खरं मिरवणुकीतल्या दोराचंही बोला

कपिलेश्वरकर (धागाकर्ता)
काल मंडळाची बैठक झाली. विषय एकच, २९ जानेवारी. २०२५ ला त्या दिवशी मध्यरात्रीनंतर प्रयागराजला कुंभमेळ्यात मौनी अमावास्येच्या स्नानाला चेंगराचेंगरी झाली. सरकारी आकडा ३०. त्यात ४ आपल्या बेळगावची माणसं. ठराव आला, चौकात फलक, मेणबत्त्या, दोन मिनिटं स्तब्धता. मी म्हटलं, करूया, खरं त्याच संध्याकाळी पोरांना सीपीआर, म्हणजे छाती दाबून जीव वाचवायचं, शिकवू, आणि विसर्जन मिरवणुकीतला दोर बंद करायचं तिथंच ठरवू. सगळे माझ्याकडं असे बघायला लागले की जणू मी गणपतीच बंद करा म्हणालो.

दोर म्हणजे डीजेच्या ट्रॅक्टरभोवती आपली पोरं धरून चालतात तो. आत नाचायला ऐसपैस जागा, आणि बघायला आलेले लोक दोर आणि बंद शटर यांच्या मध्ये. चेंगराचेंगरीत माणसं पायाखाली येऊन मरतात असं आपल्याला वाटतं. बहुतेक जण उभ्या उभ्या गुदमरून जातात, कारण छाती फुगायलाच जागा राहत नाही. चौरस मीटरमध्ये पाच-सहा माणसं झाली की आपले पाय आपल्या ताब्यात नसतात. ही दाटी आपला दोर तयार करतो, असं माझं मत. बोला.

ट्रॅक्टरवाला
मी वीस वर्षं विसर्जनाला ट्रॅक्टर चालवूलोय. दोर नसला तर काय होतंय ते तुमी वरनं बगितलंयसा काय? पेपर उडाले की बारकी पोरं थेट चाकापाशी येतात. मला सीटवरनं पुढच्या चाकाजवळचं पोरगं दिसत नाही. दोर नाचायसाठी नाही, चाकासाठी असतोय. कुंभमेळ्याला कोटींनी माणूस, आपल्यात गल्लीतली माणसं. उगाच लोकांच्या मनात भ्या घालू नका.

शहापूरची सून
माझी जाऊ त्या रात्री प्रयागलाच होती, दुसऱ्या घाटावर. दिवसभर फोन बंद. निघताना सासूबाईंनी तिच्या पदराला आतून पिनेनं चिठ्ठी लावली होती, नाव आणि दोन नंबर. आम्ही हसलो होतो. संध्याकाळी एका चहावाल्यानं ती चिठ्ठी वाचून फोन लावला, तेव्हा कुठं घरात चूल पेटली.

म्हणून सांगते, ज्या चार घरांत तसा फोन आला नाही, त्यांना तुम्ही २९ तारखेला बोलावणार आणि समोर छाती दाबायची बाहुली मांडणार? श्रद्धांजलीला श्रद्धांजली राहू द्या. शिबिर दुसऱ्या दिवशी घ्या, मी चहा करते. आणि तारीख कशाला धरताय? वर्षश्राद्ध तिथीनं असतं. यंदा, २०२६ ला, मौनी अमावास्या १८ जानेवारीला आहे, १७ च्या सीमालढ्याच्या हुतात्मा दिनाच्या दुसऱ्या दिवशी.

निपाणीकर
गर्दी आवरणं पोलिसांचं काम. मंडळानं शिबिर घेतलं आणि उद्या काही झालं, तर पहिला प्रश्न तुम्हालाच, की धोका माहीत होता ना? गुन्हा कोणावर पडेल, विचार करा. दुसरं, दोर आणि डीजे सोडून बाकीचं पण बघा. २५ जानेवारी २००५ ला वाईजवळ मांढरदेवीला जवळपास ३०० माणसं गेली. फोडलेल्या नारळाच्या पाण्यानं पायऱ्या निसरड्या झाल्या होत्या, तिथनं सुरुवात. तिथं ना डीजे होता ना दोर. आपण सौंदत्तीला यल्लम्माच्या यात्रेत नारळ कुठं फोडतो, ते आठवा.

कपिलेश्वरकर
४ जून २०२५ ला बेंगळुरूत स्टेडियमबाहेर ११ जण गेले. सरकार होतं, पोलीस होते, आयोजक होते. नंतर प्रत्येकानं दुसऱ्याकडं बोट दाखवलं. गुन्ह्याच्या भीतीनं गप्प बसायचं असेल तर मग फलकही लावू नका. तिथीचं मात्र पटलं. बाहुलीचंही, थोडंफार.

रात्रपाळी
मी नर्स आहे. दोन्ही बाजूंना थोडं थोडं बोलते.

सीपीआर जरूर शिका. मिनिटाला १०० ते १२० वेळा, छाती किमान ५ सेंटिमीटर खाली गेली पाहिजे. खरं त्याला माणूस आडवा करावा लागतो. आडवा कुठं करणार? गेल्या विसर्जनाला एक आजी चक्कर येऊन पडल्या. भोवती पंधरा जण, कोणी वारा घालतंय, आणि एक दादा त्या शुद्धीवर नसताना तोंडात बाटलीनं पाणी ओततोय. माया होती हो, खोटं नाही. पण ते पाणी श्वासनलिकेत गेलं असतं. १०८ ला फोन गेला, गाडी कोपऱ्यावरच थांबली. स्ट्रेचर डोक्यावरनं आणावं लागलं.

शिबिरात पहिला धडा सीपीआरचा ठेवूच नका. पहिला धडा मागच्यांना थांबवायचा. पुढं काय झालंय ते मागच्याला दिसत नाही, तो ढकलतच राहतो. डीजे त्या क्षणी बंद झाला पाहिजे आणि माईकवर दोन्ही भाषांत एकच वाक्य: "मागे सरा, हिंदक होग्री." गर्दीत कोल्हापूरचा माणूस असतो तसा बैलहोंगलचाही असतो. भाषेचं भांडण दुसऱ्या दिवशी सकाळी भांडू.

निपाणीकर
डीजे बंद करायचा तर स्विच कोणाच्या हातात? नाचणाऱ्या पोराच्या?

रात्रपाळी
ट्रॅक्टरवाल्या मामांच्या. वर बसलेले तेवढे एकच असतात ना.

ट्रॅक्टरवाला
माझ्यावर आलं होय शेवटी. बरं.

मगाशी टेप घेऊन गल्लीच्या तोंडाला मोजून आलो. गल्ली १८ फूट. ट्रॉली ७. राहिले ११, म्हणजे एका बाजूला साडेपाच. तिथं लावलेल्या गाड्या अडीच फूट खातात. राहिलं तीन फूट. दोर काढणार नाही, आत्ताच सांगतो. खरं त्या दिवशी गाड्या हलवायला पायजेत, ते मान्य.

ट्रॅक्टरवाला
एक राहिलं. स्पीकरची भिंत ट्रॉलीच्या बाहेर दोन्हीकडं दीड-दीड फूट येतेय, ते मगाशी धरलंच नव्हतं. तीनातनं दीड गेलं. राहिलं दीड फूट. त्यातच दोर धरणारं पोरगं.

कपिलेश्वरकर
मामा, हा कागद रविवारी बैठकीला घेऊन या. मी काही बोलत नाही, तुम्हीच वाचा.

शहापूरची सून
ते सगळं खरं, पण १८ की २९ ते अजून कोणी सांगितलं नाही. हार सांगायचेत.