खंड्याचं पाणी आणि आईचा पाय

प्रति: मंडळाची ईमेल-यादी
मुक्काम: देवगड तालुका, ८ जुलै

सर्वांना नमस्कार,

गणपतीपर्यंत मी इथेच आहे, टोरांटोला परतणं त्यानंतर. यादीवर तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी कुत्री आहेत, म्हणून सल्ला हवा आहे.

बाबा गेल्यापासून आईला सोबत खंड्याची. लॅब्रॅडॉरच्या वळणाचा आहे, सहा वर्षांचा, वजन ३० किलो. पाणी प्यायला लागला की पातेल्याभोवती हातभर जागा ओली होते. तेवढं पुसता येतं. पण पिऊन झालं की तो तसाच आईकडे जातो आणि ओठांच्या लोंबत्या कडांमध्ये साठलेलं पाणी वाटभर ठिबकत राहतं. माजघरापासून आईच्या खाटेपर्यंत मी थेंब मोजले. पाच पावलं मोठे थेंब, पुढे बारीक.

पूर्वी घरात कोबा होता. आईला केर काढायला सोपं जावं म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्ही भावंडांनी हट्टाने गुळगुळीत टाइल्स घातल्या. गेल्या मंगळवारी पहाटे पाचला ती चहा ठेवायला उठली आणि त्याच ओल्यावर तिचा पाय सरकला. दाराची चौकट हाताला लागली म्हणून वाचली. मनगट सुजलं, हाड शाबूत आहे. आई ७८ वर्षांची आहे. त्या दिवसापासून पहाटे भांडं वाजलं की मी उठून बसते.

पावसामुळे काहीही वाळत नाही. गोणपाट घालून पाहिलं, तिसऱ्या दिवशी कुबट वास सुटला. शेजारून सल्ला आला की संध्याकाळनंतर त्याचं पाणी बंद करा. माझं मन धजत नाही. तुम्ही काय करता?

*

८ जुलै, कॅल्गरीहून

ताई, आधी आईंच्या हाताला जपा.

आमचीही अशीच सांडते. पण तो त्यांचा गबाळेपणा नव्हे. आपल्यासारखे गाल आवळून पाणी ओढून घेणं कुत्र्याला जमत नाही. जिभेचं टोक तो मागच्या बाजूला वळवतो, पाण्यात खोल आपटतो आणि झटक्याने वर खेचतो. त्या झटक्याबरोबर पाण्याचा एक खांब वर चढतो आणि तो कोसळायच्या आत कुत्रा जबडा मिटतो. व्हर्जिनिया टेकच्या संशोधकांनी २०१५ साली कुत्र्यांचं चित्रण करून हे मोजलं. वळलेल्या जिभेच्या पळीत आलेलं पाणी मात्र बहुतेक बाहेरच पडतं. मांजर जिभेचं टोक पृष्ठभागाला नुसतं टेकवते, म्हणून तिच्याभोवती जमीन कोरडी राहते.

तेव्हा ओरडून काही होणार नाही. भांडं रुंद आणि जड घ्या, काठोकाठ भरू नका. दोन बोटं पाणी ठेवा आणि दिवसातून चारदा घाला. आम्ही खाली उभ्या काठाची रबरी चटई ठेवतो, सांडलेलं तिच्यातच राहतं.

*

९ जुलै, मंडळातल्या पशुवैद्य वहिनींकडून

पाणी बंद करू नका, ही माझी पहिली विनंती. निरोगी कुत्र्याला दिवसाला दर किलोमागे साधारण ५० ते ६० मिली पाणी लागतं. खंड्याच्या वजनाला दीड ते पावणेदोन लिटर झालं. दमट उकाड्यात थोडं जास्त. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग निववतो आणि त्यात त्याचं बरंच पाणी जातं.

दोन दिवस मोजून पाहा. मोजूनच घाला, आणि सांडलेलं पंच्याने टिपून पेल्यात पिळा. पोटात जाणारं पाणी रोज किलोमागे १०० मिलीच्या वर निघालं, किंवा तहान अचानक वाढली असेल, तर डॉक्टरांना दाखवा. मधुमेह आणि मूत्रपिंडाचे आजार बऱ्याचदा असेच सुरू होतात.

दुसरं लेप्टोचं, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या आजाराचं. पावसाळ्यात सिंधुदुर्गात त्याची धास्ती असते, ते तुम्हाला सांगायला नको. उंदराच्या मुतातून ते पाण्यात उतरतं आणि कुत्र्याला होतं तसं माणसालाही होतं. रात्रभर उघडं राहिलेलं पाणी सकाळी फेकून भांडं घासलंच पाहिजे. लेप्टोची लस दर वर्षी द्यायची असते, खंड्याची तारीख पाहून घ्या.

*

९ जुलै, मंडळाच्या जुन्या सभासद काकांकडून

गो बाय, तुझा घर माझ्या आजोळापासून फार लांब नाय. आमच्याकडे गुरांना आणि कुत्र्यांना घरात पाणी कधी दिलंच नाही. विहिरीकडे दगडाची डोण असायची, त्यात रहाटाचं पाणी जायचं. माझी आजी म्हणायची, मुक्या जनावराक पाण्यासाठी ताटकळत ठेवूक नये. म्हणून घरातलं कोणी जेवायला बसायच्या आधी डोण भरलेली असे.

तुमच्या परड्यात डोण असणारच. शोध. कुत्र्याच्या पाण्याची जागाच घराबाहेर ने, म्हणजे पुसत बसायला नको.

*

३१ जुलै, देवगड तालुका

सर्वांना नमस्कार, आणि मनापासून आभार.

आधी मोजमाप. दोन दिवस लिटरच्या बाटलीने पाणी घातलं आणि सांडलेलं पिळून मोजलं. दिवसाला साधारण दोन लिटर घातलं, त्यातलं पाव लिटरहून थोडं जास्त जमिनीवर गेलं. म्हणजे पोटात जातं ते वहिनींनी सांगितलं तेवढंच. लस मार्चमध्येच झाली आहे, कार्ड बाबांच्या कपाटात सापडलं.

काका, डोण मिळाली. फणसाखाली उपडी पडली होती, शेवाळाने हिरवीगार. आई म्हणाली, आमच्या कपिलेची ती. गाय विकली तेव्हा मी नववीत होते, डोण मात्र पार विसरले होते. काळा दगड, दीड हात लांब. हलवायला दोन गडी लागले. नारळाच्या सोडणाने आणि वाळूने तीन दिवस घासली तेव्हा तिच्यावरचे टाकीचे घाव दिसायला लागले.

पण विहिरीकडे उघड्यावर ठेवली असती तर पागोळ्यांचं पाणी, पालापाचोळा, उंदीर, सगळं तिच्यात. वहिनींचं पत्र वाचल्यावर तो धोका घ्यायचा नव्हता. म्हणून ती मागच्या पडवीत छपराखाली बसवली. तिथे खाली अजून चिऱ्याची खडबडीत जमीन आहे, पाणी सांडलं तरी पाय सरकत नाही. खंड्या पहिले दोन दिवस लांबूनच वास घेत होता. जुनं पातेलं डोणीत ठेवलं तेव्हा प्यायला आला. चौथ्या दिवशी पातेलं काढून घेतलं.

रात्री तो घरात झोपतो आणि मागचं दार बंद असतं. तेव्हा स्टीलचं पसरट भांडं स्वयंपाकघरातल्या जुन्या मोरीत ठेवतो. मोरीला उतार आणि भोक आहे, पाणी आपोआप निघून जातं. आईचं न्हाणीघर तिच्या खोलीला लागून आहे, त्यामुळे ती रात्री तिकडे जात नाही. पहाटे चहा ठेवण्याआधी ते भांडं मी रिकामं करून घासते. मी गेल्यावर हे काम शेजारच्या काकूंनी अंगावर घेतलं आहे.

तोंडातून ठिबकणं राहिलं होतं, त्याला सर्वांत जास्त वेळ लागला. पडवीच्या खुंटीवर त्याचा पंचा असतो. पिऊन झालं की “थांब” म्हणायचं, दोन्ही ओठ पंच्यात धरून हलकेच दाबायचे आणि मग सुक्या मासळीचा बोटाएवढा तुकडा द्यायचा. मासळी बिनमिठाची लागते, ती आम्ही घरीच चुलीवर सुकवली. आता पिऊन झालं की तो स्वतःच खुंटीखाली येऊन मान वर करून उभा राहतो. मी घरात नसले तर भुंकून आईला बोलावतो.

कॅल्गरीच्या भाऊंनी सुचवलेली चटई मोरीपुढे घातली आहे. टाइल्स मात्र दिवाळीनंतर काढून खरखरीत फरशी बसवायचं ठरलंय. भावाशी बोलणं झालं.

एक अडचण शेवटी राहिली होती. डोण रोज संध्याकाळी रिकामी करायला हवी, आणि ती उपडी करणं आईच्याने शक्य नाही. तळाला जुनं भोक होतं, त्यात लाकडाचा गुडदा ठोकून घेतला. पण तो उपटायला वाकावं लागे. आईनेच सुंभाची दोरी वळली, गुडद्याला बांधली आणि दुसरं टोक पडवीच्या खांबाला अडकवलं. दिवेलागणीला ती उभ्याने दोरी ओढते आणि डोणीतलं पाणी पन्हळीने खालच्या अळवात जातं.