भात बंद करण्याबद्दल

वजन उतरवायला भात बंद करू का असं तू विचारलंयस, त्यावर भात पूर्ण सोड असं वर दोघातिघांनी सांगितलंय, मला नाही पटलं. गोव्यात राहून शीतकडी (भात आणि कालवण) किती दिवस सोडशील? आणि भात सोडल्यावर पहिल्या आठवड्यात काटा भराभर उतरतो ना, ते बरंचसं पाणी असतं, शरीरातलं एक ग्रॅम ग्लायकोजेन (भातासारख्या खाण्यातून शरीरात साठलेली साखर) साधारण ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतं, साठा संपला की पाणी गेलं, परत जेवलास की काटा वर, मग माणूस वैतागून सगळंच सोडतो.

मी उकड्या तांदळाचा भात चालूच ठेवला, फक्त एकदाच वाढून घ्यायचा, रवा लावून तळलेलं नुस्तं (मासे) रविवारी, एरवी हुमणातलं, म्हणजे खोबऱ्याच्या कालवणातलं (खोबरं जरा हात राखून, आई कुरकुरते ती वेगळी). पावसात मिरामारच्या किनाऱ्यावर चालणं होत नाही तेव्हा बिल्डिंगचे जिने. वजन आठवड्यातून एकदाच कर, सकाळी, काही खायच्या आधी.