‘हुशार’ मूल म्हणून वाढताना : तुमचे अनुभव लिहा

पुतणीचं नाव पाचवीच्या स्कॉलरशिपच्या यादीत आलं आणि घरच्या ग्रुपवर लगेच सुरू, “आता हिला कलेक्टर करायची!” पोरगी अजून पाऊस आला की भिजायला पळते. माझ्या वेळी ही परीक्षा चौथीला आणि सातवीला असायची; २०१६-१७ ला ती पाचवी-आठवीला नेली होती. भाषा, गणित, बुद्धिमत्ता चाचणी, एकूण ३०० मार्क. तेवढ्यावर अंगाला जे चिकटतं ते पुढे किती वर्षं निघत नाही, हे इथल्या बऱ्याच जणांना ठाऊक असणार. शाल-श्रीफळाचे किस्से नकोत, ते नातेवाईक सांगतातच. आत काय चालायचं ते लिहा.

माझ्यापासून सुरुवात. आमच्याकडे “तिला उठवू नका, अभ्यास करतेय” हा कायदा होता. गणपतीत आई, काकू, आत्या मोदकांना कळ्या पाडत बसायच्या, गप्पांना ऊत आलेला, आणि मी माडीवर पुस्तक उघडं ठेवून खालचं हसणं ऐकत. खाली गेलेच तर काकू म्हणायची, “तू कशाला आलीस बाई, आम्ही आहोत ना!” प्रेमानेच म्हणायची. माझ्या हातून पारी अजून फाटते. शाळेत तर शंका विचारायची सोयच नव्हती. गणिताच्या बाई “समजलं का?” सगळ्या वर्गाला विचारायच्या आणि बघायच्या माझ्याकडे. मी मान डोलावली की फळा पुसला जायचा.

रानजाई :
फळा पुसला जायचा, हे अगदी अगदी! बाकीची पोरं मधल्या सुट्टीत मलाच शिव्या घालायची.

माळरान :
माझा अनुभव उलटा आहे. गावात मी एकटाच ‘डोकेबाज’. सहावीला नवोदयला, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेत, नंबर लागला. तिथे ८० पोरं, बहुतेक माझ्यासारखीच खेड्यातली, आणि जो तो आपापल्या गावचा पहिला नंबर! पहिल्या चाचणीत मी कुठेतरी मधे होतो आणि कुणी ढुंकूनही बघितलं नाही. इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं. नववीत मायग्रेशनवर, म्हणजे नवोदयांमधल्या मुलांच्या अदलाबदलीत, वर्षभर हिंदी मुलखात गेलो, तिथे तर मला धड बोलताही येत नव्हतं. भरपूर व्हॉलीबॉल खेळलो. सुट्टीत गावी आलो की मात्र पारावर परत तेच, “सांग बरं, सतरा गुणिले तेवीस?”

उनाड :
“हुशार आहे, पण अभ्यास करत नाही.” बालवाडीपासून बारावीपर्यंत दर पालकसभेत हेच वाक्य, बाई फक्त बदलायच्या. पस्तिशी ओलांडल्यावर डॉक्टरांनी एडीएचडी (लक्ष एका जागी न टिकण्याचा त्रास) सांगितलं. मार्क बरे पडत होते ना, मग कोण कशाला तपासतंय. आई म्हणते, “असं काही नसतं, तू आळशीच होतास.”

बोरमाळ :
वाचत होते, लिहावं की नको ठरत नव्हतं. तुम्ही सगळे ओझं म्हणताय, खरंच असेल. मी बीड जिल्ह्यातली, आईबाप ऊसतोडीला जायचे. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असायची, दिवाळीच्या पुढेमागे टोळी निघायची ती एकदम उन्हाळ्यात परत. आम्ही पोरंपण सोबत, म्हणजे शाळा अर्धीच. चौथीत असताना गुरुजी संध्याकाळी घरी आले. आई चुलीपुढे होती, बा ट्रॅक्टरची वाट बघत गाठोडी बांधत होता. गुरुजी म्हणाले, “पोरगी हुशार आहे, हिला नेऊ नका.” बा कुणाचं ऐकणारा माणूस नव्हता, पण हुशार म्हटल्यावर गप्प झाला. मी आजीपाशी राहिले. तो शब्द गुरुजींनी उच्चारला नसता तर सातवी-आठवीत माझं लग्न लागलं असतं, आमच्या तांड्यावर बाकीच्यांचं लागलंच. आज मी नर्स आहे.

पण टोळीसोबत कुणीतरी लागायचं, धाकट्या भावाला सांभाळायला. माझ्याऐवजी बहीण गेली. ती दुसरीत होती. तिच्यासाठी कोणी गुरुजी घरी आले नाहीत.

शेंडेफळ :
बोरमाळ, नमस्कार घ्या. तुमच्या पुढे माझं म्हणजे अगदीच चिल्लर, तरी लिहितो. मी हुशार मुलाचा धाकटा भाऊ. दादा बोर्डात आला होता, तेव्हा गुणवत्ता यादी असायची, पेपरात फोटो, घरी पेढे, गल्लीत फ्लेक्स. त्याच शाळेत, त्याच बाकांवर, त्याच मास्तरांपुढे मी. हजेरी घेताना आडनावाशी थांबून “तू त्याचा...?” एवढंच विचारायचे आणि पहिल्या घटक चाचणीनंतर तेही बंद. एक सांगतो, मी मजेत वाढलो. सायकल, पोहणं, पत्ते, सगळं केलं. दादाला पोहता येत नाही.

रानजाई :
बोरमाळ, विचारू नये कदाचित, पण बहीण आता काय करते?

बोरमाळ :
विचारा की. लग्न लवकर झालं, दोन पोरं आहेत. मागच्या वर्षी १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी केली तिने. फी मी भरली, अभ्यास तिचा. गणितात माझ्यापेक्षा जास्त मार्क पडलेत आणि घरी येईल त्या पाहुण्याला ती हे चहाच्या आधी सांगते.