‘दंड’ की ‘विलंब-भरपाई’?

प्रश्न : खरेदी आदेशाचा मराठी मसुदा करताना ‘उशीर झाल्यास दर आठवड्याला किमतीच्या अर्धा टक्का, कमाल पाच टक्के’ या कलमाला कोणते शीर्षक द्यावे? बोलताना आम्ही सगळेच ‘एलडी कापली’ म्हणतो (एलडी म्हणजे ‘लिक्विडेटेड डॅमेजेस’, करारात आधीच ठरवलेली भरपाई). कागदावर मात्र ‘दंड’ लिहिताना हात अडखळतो.

उत्तर : तो अडखळणे योग्यच आहे. दंड करतो तो वरचा, म्हणजे न्यायालय, पालिका किंवा वाहतूक पोलीस. बरोबरीच्या दोन पक्षांत भरपाई होते. शिवाय भारतीय करार कायद्याच्या (१८७२) कलम ७४ नुसार शीर्षक काहीही असले तरी करारात लिहिलेल्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळते, त्यामुळे जरबेचा शब्द वापरून पदरात जास्त काही पडत नाही. पुरवठादारावर होणारा परिणाम मात्र वेगळा असतो. ‘दंड, कमाल पाच टक्के’ असे वाचले की अनुभवी पुरवठादार दर देतानाच ते पाच टक्के त्यात धरतो, आणि मग उशीर म्हणजे पैसे मोजून घेतलेली सवलतच होऊन बसते. म्हणून मी ‘विलंब-भरपाई’ लिहीन आणि ‘उशिराची लेखी पूर्वसूचना दिल्यास मुदतवाढीचा विचार केला जाईल’ हे वाक्य त्याला जोडीन.

दुसरे उत्तर : शीर्षकापेक्षा कलमातले नेमके शब्द, विशेषतः क्रियापद, महत्त्वाचे, असे माझे मत आहे. आमच्या आदेशात ‘माल ३१ तारखेपर्यंत पाठवावा’ असे होते. पुरवठादाराने त्या रात्री निम्मेच कास्टिंग (धातूचे ओतीव भाग) ट्रकमध्ये भरले, चलनावर (मालासोबतच्या पाठवणीच्या कागदावर) ३१ तारीख घातली आणि उरलेला माल दहा दिवसांनी दिला. चिडलो खरे, पण ‘संपूर्ण माल’ असे आम्हीच लिहिले नव्हते, तेव्हा एलडी कापायची कशाच्या आधारावर? पुढच्या आदेशात ‘संपूर्ण माल आमच्या गोदामात पोचता करावा’ असे लिहिल्यावर त्याचा फोन मुदतीच्या आठवडाभर आधी येऊ लागला.

‘स्वीकृती’ या शब्दाकडेही लक्ष असू द्यावे. खरेदीदार ‘तपासणीनंतर स्वीकृती’ असे लिहून बिल लांबवू पाहतात. परंतु पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर २००६ च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार १५ दिवसांत लेखी हरकत न घेतल्यास माल मिळाल्याचा दिवस हाच स्वीकृतीचा दिवस धरला जातो, आणि तेथून ४५ दिवसांपलीकडची मुदत करारानेही ठरवता येत नाही. हे ठाऊक असलेला पुरवठादार चलनाच्या पोचेवर सही-शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय गाडी हलवू देत नाही.