चर्चा: बाटलीतला जुना कोळी पाहून जात बदलायची का?

रानवारा, सातारा
आमच्या निसर्गमंडळात एक जण म्हणाले, "संग्रहालयात स्पिरिटात मुरलेले लांडगा कोळी (जाळं न विणता जमिनीवर पळून शिकार करणारे) पुन्हा बाहेर काढून त्यांचं बारसं करायचं, हा रिकामटेकडा उद्योग आहे." मला तो अत्यंत गरजेचा वाटतो. जमिनीवर पळणारा तपकिरी कोळी दिसला की घाल 'लायकोसा' या प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात), असं वर्षानुवर्षं चाललं. खरा लायकोसा म्हणजे इटलीतल्या तारांतो शहरावरून नाव पडलेला टॅरंटुला आणि त्याचे भूमध्य समुद्राकाठचे भाऊबंद. आपल्या माळावरच्या कोळ्यांचा त्यांच्याशी संबंध किती, हे मूळ नमुने तपासल्याशिवाय कसं कळणार? कोळी-अभ्यासक टिकादर आणि मल्होत्रा यांचा या कुळावरचा खंड १९८० चा. त्यानंतर वर्गीकरण कुठल्या कुठे गेलं.

शिराळकर
आमच्या भातात हा कोळी तपकिरी तुडतुडे खातोय, तेवढं बास. नाव बदलल्यानं जास्त खाणार हाय का?

रानवारा
दादा, तुमच्याच भातातलं घ्या. तो पार्डोसा स्यूडोअ‍ॅन्युलाटा. जुन्या लेखांत हाच प्राणी लायकोसा स्यूडोअ‍ॅन्युलाटा म्हणून येतो. कुठल्या फवारणीनं तो मरतो हे शोधायला बसलात, तर निम्मी माहिती एका नावाखाली, निम्मी दुसऱ्या.

कराडची मास्तरीण
उत्साह समजला, पण बाटलीवर एवढा भरवसा नको. स्पिरिटात रंग उडतो. जात ओळखायची ती जननांगावरून; पिल्लू असेल तर ते तयारच नसतं, आणि तशा नमुन्यांवरूनही जाती ठरवल्या गेल्यात. शिवाय लेबल! त्यावर नुसतं 'सातारा' असलं तर काय समजायचं? महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, याच जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यात पाचशेची मारामार. दोन्हीकडे एकच कोळी असेल असं मी तरी धरणार नाही. आधी एकाच जागचे ताजे नर-मादी मिळवा, मग नावाला हात लावा.

टॉर्चवाला, मिरज
एवढं कशाला? रात्री कपाळाला टॉर्च लावून हिंडा, डोळे चमकतात. फोटो काढा, ग्रुपवर टाका, ओळख मिळते.

कराडची मास्तरीण
कुळ कळतं, जात नाही. मादीच्या पोटाखालचं एपिगाइन (जननांगाचा कडक भाग) आणि नराच्या पाल्पचं (तोंडाजवळच्या पायासारख्या अवयवाचं) टोक फोटोत दिसलं तर मला पाठवा.

रानवारा
ताई, ताजे नमुने हवेतच. पण ते कशाशी ताडून बघणार? नियमानुसार नाव त्या एका मूळ नमुन्याला, होलोटाइपला, बांधलेलं असतं. पुस्तकातल्या चित्राला नाही. चित्र काढणाऱ्याचा हात चुकला असेल तर पुढचे सगळे चुकतात. रंग उडाला तरी एपिगाइनचा कडक सांगाडा टिकतो. लवंगेच्या तेलात ठेवलं की आतल्या नळ्यासुद्धा दिसतात. लेबल अर्धवट असलं तरी एवढं तर हाती लागतं!

शिराळकर
मग त्या बाटल्या हिकडं आणा की. लंडन-कोलकात्याच्या संग्रहालयात जाऊन कोण बघणार?

रानवारा
हे मात्र लाख बोललात. निदान सगळ्या होलोटाइपचे चांगले फोटो तरी खुले करावेत.

कराडची मास्तरीण
फोटोला माझी ना नाही. पण तुमच्या लवंगेच्या तेलात घालायला एपिगाइन आधी कापून काढावं लागतं. जगात तेवढा एकच नमुना उरला असेल, तर त्यावर सुरी चालवायची परवानगी कुठलं संग्रहालय देतं, ते सांगा.